कोरडा भुसा

१

उंदीर तर ठणठणीत होते. पुढच्या दोन पायांत खाण्याची गोळी धरून कुरतडत होते, मिशा हलवत होते, शेजाऱ्याच्या पाठीवर खुशाल पाय देऊन पाण्याच्या नळीपर्यंत पोचत होते. आणि संगणकाच्या पडद्यावर पाहावं तर त्यांच्या रक्तात इन्सुलिन जवळजवळ नव्हतंच.

“माझ्या प्रयोगशाळेत कुणीतरी विष वापरलंय, ताई,” सर म्हणाले.

ताईंनी चष्मा कपाळावर सरकवला. या सरांना बुटाची नाडी बांधायला त्यांनीच शिकवलं होतं, त्यामुळे धाकट्या भावाला सगळे ‘सर’ म्हणतात याची सवय त्यांना अजून झाली नव्हती. ताई जनावरांच्या डॉक्टर. अर्धं आयुष्य मुलांना गायीची नाडी कुठे लागते ते शिकवण्यात गेलं. आता निवृत्तीनंतर, प्रयोगातल्या प्राण्यांची काळजी घेणाऱ्या समितीवर होत्या. त्यांच्या सहीशिवाय तिथला एकही प्राणी मारता येत नसे.

“सावकाश सांग,” त्या म्हणाल्या. “आणि आधी बस. उभा राहिलास की तू फार मोठ्याने बोलतोस.”

सर बसले. “पांढऱ्या उंदरांचे तीन गट आहेत. पहिल्याला साधं खाणं. दुसऱ्याला तुपकट, गोड खाणं. तिसऱ्यालाही तेच, पण वर आपलं नवं औषध. मागच्या तपासणीत सगळं ठीक होतं. आज तिसऱ्या गटाचं इन्सुलिन गायब.”

“औषधानेच कमी झालं असेल.”

“कमी होणं वेगळं, नाहीसं होणं वेगळं. फ्रिजमध्ये एक पावडर असते. दुसऱ्या एका प्रयोगात मुद्दाम मधुमेह घडवायला वापरतो. ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारते. आज पाहिलं तर बाटली निम्मी रिकामी. कुलूप शाबूत. किल्ल्या तिघांकडे : मी आणि माझ्या हाताखालची दोघं, थोरला आणि धाकटी.”

“आणि तू धाकटीचं नाव नक्की केलंस.”

“तिसरा गट तिच्याच ताब्यात आहे. शिवाय प्रयोग संपल्यावर उंदीर मारायचे नाहीत म्हणून ती माझ्याशी कडाकडा भांडली होती. रागाच्या भरात माणूस काहीही करतो. संध्याकाळी समितीची बैठक आहे. प्रयोग बंद, धाकटी बाहेर, आणि बिघडलेला गट…” ते थांबले. “तुझी सही लागेल.”

“लागेल,” ताई म्हणाल्या. “म्हणून संध्याकाळपर्यंतचा वेळ माझा.”

त्या जिना उतरू लागल्या. उतरता उतरता त्यांनी सगळं मनात पुन्हा मांडून पाहिलं, वर्गात मांडत तसं. शरीरातली प्रत्येक पेशी म्हणजे एक बंद दाराचं घर. जेवणानंतर रक्तात साखर येते, तेव्हा स्वादुपिंड इन्सुलिनला पाठवतं. ते दारोदार हाका मारतं : साखर आलीय, दार उघडा. पण महिनोन्‌महिने नको तेवढं तुपकट, गोड खाल्लं की घरातली माणसं हाकांना बहिरी होतात. मग स्वादुपिंड आणखी मोठ्याने ओरडतं. रक्तात इन्सुलिन वाढत जातं आणि साखर मात्र दाराबाहेरच ताटकळते. पोट सुटतं, यकृतात चरबी साठते, रक्तदाब चढतो. या सगळ्या दुखण्यांची मोट म्हणजे चयापचयाचा बिघाड. नव्या औषधाने कान उघडले तर हाका हळू व्हायला हव्यात. पण हाका मुळीच बंद? तसं झालं तर औषध वाईट, नाहीतर माणूस वाईट.

का तिसरंच काही?

२

धाकटी कोठीघरात उंदरांच्या खाण्याच्या पोत्यावर बसली होती. प्रयोगशाळेत ती सगळ्यात शेवटी आली, म्हणून तिचं नाव धाकटी. डोळे सुजले होते, पण पाठ ताठ होती.

ताई शेजारच्या पोत्यावर बसल्या. पोतं खचलं आणि दोघी एकमेकींकडे कलल्या.

“पावडर तू घेतलीस का?”

“नाही.”

“बरं.”

धाकटी पाहत राहिली. “एवढंच विचारायचं होतं?”

“आणखी किती वेळा विचारू? उत्तर तर तेच येणार. आता मला तुझे उंदीर कसे आहेत ते सांग.”

पोरगी गडबडली. आज दिवसभरात हे कुणी विचारलंच नव्हतं. “बरे आहेत. म्हणजे… लठ्ठ आहेत, आळशी आहेत. एक जण तर इतका ऐदी आहे की झोपूनच खातो. काल वजन केलं. कुणाचं घटलं नाही. दोघांचं थोडं वाढलंच.”

“वाढलं?”

“थोडंसं.”

ताईंनी मान डोलावली आणि पुढे काही बोलल्या नाहीत. काही वेळा गप्प राहिलं की समोरचं माणूस आपणहून बोलतं, हे त्या वर्गातच शिकल्या होत्या.

“माझ्या आईला मधुमेह आहे, ताई. रोज सकाळी तिला इन्सुलिन मी टोचते. ते अंगात नसलं की माणसाचं काय होतं ते मी घरात पाहिलंय. मी कुणाचं इन्सुलिन मारीन? उंदराचं का असेना.” तिने नाक पुसलं. “नोकरी गेली तर आई बोलेल. त्याची सवय आहे मला. पण ते सगळे आज संध्याकाळी…”

“संध्याकाळ अजून व्हायची आहे.”

“सर म्हणाले, तुम्ही सही करणार.”

“सर लहानपणी असंही म्हणायचे की दूध मांजरीने सांडलं,” ताई म्हणाल्या. “ऊठ. तोंड धू. मी उंदरांशी बोलून येते.”

३

उंदरांच्या खोलीत भर दुपारी रात्र होती.

उंदीर रात्री जागतात आणि दिवसा झोपतात. माणसांचं उलटं. म्हणून या महिन्यापासून सरांनी युक्ती केली होती : खोलीत रात्री लख्ख उजेड आणि दिवसा फक्त लाल दिवा. लाल रंग उंदरांना दिसत नसल्यासारखाच. त्यांना वाटे रात्र झाली, आणि ते जागे होत. माणसांना त्याच उजेडात काम करता येई.

“युक्ती झकास आहे,” उंदरांची देखभाल करणारे मामा म्हणाले, “पण बाहेर पडलो की डोळे दिपतात. घरी जाईपर्यंत डोळे मिचकावत असतो. बायको म्हणते, हे बंद करा, शेजारीण भलता अर्थ काढेल.”

ताई हसल्या आणि तिसऱ्या गटाच्या पिंजऱ्याशी वाकल्या. लाल उजेडात सगळंच लाल दिसत होतं. पांढरे उंदीर, मामांचा डगला, भिंत, स्वतःचे हात. कोपऱ्यातल्या टेबलावर रक्त फिरवून त्यातलं वरचं पाणी वेगळं करायचं छोटं यंत्र होतं. सारखं दार उघडलं तर बाहेरचा उजेड आत येतो, म्हणून रक्ताचं सगळं काम आता आतच होत असे.

त्यांनी पिंजऱ्यात हात घातला, तळाचा भुसा मुठीत घेतला आणि दाबला. मूठ उघडली. भुसा हातावर भुरभुरला.

“मामा, हा भुसा आज बदललात का?”

“छे. उद्या बदलायचा. आठवड्याचा आहे.”

“आणि पाणी? हे जास्त पितात का?”

“सगळ्यांच्या बाटल्या सारख्याच उतरतात. का हो?”

ताईंनी दुसऱ्या गटाचा भुसा पाहिला, मग पहिल्याचा. तिन्हीकडे सारखाच. कोरडा.

“रक्त काढताना काही वेगळं झालं का? आठवून बघा.”

मामा मान खाजवू लागले. “वेगळं म्हणजे… चांगलंच झालं. धाकटीचा हात बसला बघा आता. मागच्या खेपेला तिचे उंदीर शेपटीला सुई लागली की चिरकायचे. या खेपेला एकाने आवाज काढला नाही. तिकडे थोरल्याच्या हाताखाली मात्र नेहमीची बोंबाबोंब.”

“तिचे उंदीर थोरला कधी धरत नाही?”

“नाही ना. सरांचा नियमच आहे. एका गटाला एकच हात. परक्या हाताच्या वासाने उंदीर बिचकतो, आणि बिचकला की त्याची साखर चढते.”

ताई सरळ उभ्या राहिल्या. गुडघे कुरकुरले. “मामा, या उंदरांना कुणी विष दिलेलं नाही.”

“देव पावला,” मामा म्हणाले. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. “पण मग इन्सुलिन गेलं कुठे?”

४

“भुसा कोरडा आहे म्हणून?” सर म्हणाले. “समितीपुढे मी भुसा ठेवू?”

सरांच्या खोलीत आता चौघं होती. सर खुर्चीत, ताई खिडकीशी, धाकटी दाराजवळ, आणि थोरला कपाटाला टेकून. थोरला सरांचा सगळ्यात जुना विद्यार्थी. उंच, अबोल, आणि आज नेहमीपेक्षाही अबोल. त्याने स्वतः सुचवलेलं औषध गेल्या वर्षी नापास झालं होतं आणि त्या जागी हे नवं आलं होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

“भुसा काय सांगतो ते ऐक,” ताई म्हणाल्या. “अंगातलं इन्सुलिन खरंच संपलं तर साखर आकाशाला भिडते. शरीर ती लघवीवाटे बाहेर फेकतं. उंदीर घटाघटा पाणी पितो आणि एका दिवसात पिंजऱ्याचं डबकं करतो. शिवाय पोटभर खाऊनही वाळत जातो. इथे भुसा कोरडा, बाटल्या सारख्या, आणि वजन उलट वाढलेलं. विष घेतलेला उंदीर असा असतो का?”

“साखर मोजायला हवी. ती पुढच्या आठवड्यात मोजणार होतो.”

“आत्ता मोजू. एक थेंब पुरतो.”

धाकटीच्या पिशवीत आईसाठी घेतलेलं साखर मोजायचं यंत्र होतं. सगळे लाल खोलीत गेले. धाकटीने सगळ्यात ऐदी उंदीर उचलला, शेपटीच्या टोकाला हलकेच टोचलं, थेंब पट्टीवर घेतला. मग दुसरा उंदीर, मग तिसरा. सर तिच्या खांद्यावरून वाकून आकडे पाहत होते.

साखर चढलेली होती, पण लठ्ठ उंदराची असते तेवढीच. खरं तर दुसऱ्या गटापेक्षा जराशी खालीच.

खोलीबाहेर आल्यावर सरांनी भिंतीला हात टेकला. त्यांच्या तोंडून शब्द हळूहळू निघाले. “इन्सुलिन नसतं तर ही साखर अशी राहिलीच नसती.”

“म्हणजे इन्सुलिन उंदरात आहे,” ताई म्हणाल्या, “पण नळीत नाही. चोरी उंदराच्या पोटात झालीच नाही रे. चोरी नळीत झाली.”

“पण बाटली? पावडर तर कमी झालीय. ती हवेत उडाली?”

ताईंनी कुणाकडेही पाहिलं नाही. त्या मन लावून चष्मा पुसत राहिल्या.

थोरला खाकरला. “ती मी दिली, सर. शेजारच्या इमारतीतल्या मित्राला. त्याची मागवलेली येईना, त्याचं काम अडलं होतं. तुम्हाला विचारायचं राहिलं. आणि सकाळी तुम्ही असे भडकलात की… मग तोंडच उघडेना.”

“हिच्यावर आळ येत होता आणि तू गप्प?” सरांचा आवाज चढला.

“उद्या सगळ्यांसमोर सांगणार होतो.”

“उद्या माझे उंदीर नसते,” धाकटी म्हणाली. ती ओरडली नाही, म्हणूनच ते जास्त लागलं. थोरल्याची मान खाली गेली.

“भांडा, पण नंतर,” ताई म्हणाल्या. “एक कोडं सुटलं. दुसरं अजून तसंच आहे. नळीतलं इन्सुलिन कुणी खाल्लं? आणि धाकटी, हे मला तूच सांगणार आहेस.”

५

धाकटीचा चेहरा उतरला. “मी काही केलं नाही, ताई.”

“वाईट केलं असं कुठे म्हणाले मी? मागच्या वेळी तुझे उंदीर ओरडत होते, या वेळी ओरडले नाहीत. का?”

बराच वेळ धाकटी चपलेच्या अंगठ्याशी खेळत राहिली. मग पिशवीत हात घालून तिने एक लहानशी सुई काढली, केसाएवढी बारीक. “आईला याच सुईने इन्सुलिन देते. तिला टोचलेलं कळतही नाही. मला वाटलं, उंदरांनाही कळू नये. ठरलेली सुई जाड आहे हो, ते बिचारे किंचाळतात. एवढ्याशा गोष्टीसाठी परवानगी काय मागायची, म्हणून…”

“म्हणून या वेळी सगळं रक्त या सुईने काढलंस. जोर लावून ओढावं लागलं का?”

“हो. रक्त पटकन येत नव्हतं.”

“चल आत. दोन्ही सुया घे.”

एकाच उंदराच्या शेपटीतून धाकटीने दोनदा थोडं थोडं रक्त काढलं : आधी ठरलेल्या सुईने, मग बारीक सुईने. उंदीर आधी चिरकला, नंतर गप्प राहिला. नळ्या यंत्रात फिरल्या. लाल पेशी तळाला बसल्या आणि वर पाणी उरलं. ताईंनी दोन्ही नळ्या लाल दिव्यापुढे धरल्या.

“काही फरक?”

“नाही,” सर म्हणाले.

“थोरल्या?”

“सारख्याच दिसतात.”

“आता या माझ्या मागे.”

त्या दार उघडून बाहेर आल्या, व्हरांड्याच्या टोकाला गेल्या आणि उन्हात हात वर केला. मागून तिघे डोळे मिचकावत आले.

एका नळीतलं वरचं पाणी स्वच्छ, फिकट पिवळं होतं. दुसरीतलं गुलाबी.

सर तिथेच पायरीवर बसले, शाळेतल्या मुलासारखे.

“पेशी फुटल्या,” ते म्हणाले.

“फुटल्या. बारीक भोकातून जोराने ओढल्या तर फुटणारच. आता धाकटी, तू सांग, लाल पेशीच्या पोटात काय असतं?”

“तांबडा रंग. आणि… इन्सुलिनचे तुकडे करणारं विकर असतं.” तिने तोंडावर हात ठेवला. “ते बाहेर आलं.”

“आलं, आणि त्या उबदार खोलीत तुमचं बाकीचं काम होईपर्यंत निवांत जेवत बसलं. उंदराच्या अंगात पेशी शाबूत होत्या, म्हणून त्याच्या इन्सुलिनला कुणी हात लावला नाही. नळीत मात्र फडशा पडला.”

“पण गुलाबी पाणी कुणालाच कसं दिसलं नाही?” थोरल्याने विचारलं. “आपण हे पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवतो. गुलाबी दिसलं की फेकून द्यायचं.”

“आत्ता आत दिसलं तुला?”

त्याने वळून लाल खोलीच्या दाराकडे पाहिलं.

“लाल दिव्याखाली गुलाबी ओळखायचं कसं? आणि नंतर ते तुम्ही तपासणीच्या द्रावणात मिसळता. त्याचा रंग कोणता?”

“निळा,” सर म्हणाले. “तेही आम्ही आतच मिसळतो.” त्यांनी डोकं दोन्ही हातांत धरलं. “दिवा मी लावला. काम आत करायला मी सांगितलं. आणि एका गटाला एकच हात, हेही माझंच. सगळे हात आलटून पालटून असते तर एकाच गटाचं इन्सुलिन गेलं नसतं, तिन्ही गटांत विखुरलं असतं, आणि मला संशय माणसाचा न येता सुईचा आला असता.”

“तेव्हा चोर कोण?” ताईंनी विचारलं.

धाकटीला हसू येऊ लागलं होतं, आणि ते दाबता दाबता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

“हसू नकोस एवढ्यात,” ताई म्हणाल्या. “अजून सिद्ध काही झालेलं नाही. या दोन नळ्या तपासा. गुलाबीत इन्सुलिन नसेल आणि पिवळ्यात असेल, तर मी खरी. तसं नसेल तर पुन्हा पहिल्यापासून.”

६

तपासणीला वेळ लागतो. घाई करून इन्सुलिन दिसत नाही, जसं ओढून मूल मोठं होत नाही. थोरल्याने नळ्या स्वतः तपासायला घेतल्या. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि कुणी अडवलंही नाही. सर व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होते. ताईंनी मामांकडून चहा मागवला आणि धाकटीला आईची खुशाली विचारत बसल्या. आई पथ्य पाळत नाही, चोरून गोड खाते आणि वर ‘तुला कसं कळलं’ म्हणून पोरीलाच रागावते, असं कळलं.

उन्हं कलली तेव्हा थोरला आला. त्याचा चेहरा पाहून धाकटी उभी राहिली.

“गुलाबीत जवळपास काही नाही,” तो म्हणाला. “पिवळ्यात आहे. भरपूर आहे. दुसऱ्या गटापेक्षा मात्र कमी.”

“म्हणजे औषध लागू पडतंय?” सरांनी विचारलं.

“एका उंदरावरून?” ताई म्हणाल्या. “तुला मी हेच शिकवलं? सगळ्या गटाचं रक्त पुन्हा घ्या, ठरलेल्या सुईने. उजेडात पाहा. मग बोला.”

“हो, ताई.”

“बैठकीत काय सांगणार आहेस?”

“सांगेन की प्रयोग चालू राहील. चूक सगळ्यांची होती, पण सगळ्यात मोठी माझी.” मग सर धाकटीकडे वळले. मोठ्या माणसाला क्षमा मागताना हात कुठे ठेवावेत ते कळत नाही. सरांनी आधी खिशात घातले, मग काढले. “मी तुझ्यावर खोटा आळ घेतला. विचारायच्या आधीच ठरवून मोकळा झालो. माझं चुकलं.”

“मीसुद्धा न विचारता सुई बदलली, सर.”

“ती पुन्हा बदलायची नाही,” ताई मध्येच म्हणाल्या. “पण उंदीर किंचाळतात हेही खरंच आहे. शेपटी आधी उबदार कापडात धरून ठेवा, शीर फुगते, सुई सहज जाते. ते मी उद्या येऊन दाखवीन. आणि यापुढे प्रत्येक हाताने प्रत्येक गट हाताळायचा. सगळ्यांनी. सरांनीसुद्धा.”

“मी? मी कितीतरी वर्षांत उंदीर धरलेला नाही.”

“मग आजपासून शिक.”

थोरल्याने धाकटीपुढे येऊन नुसतं एवढंच म्हटलं, “बैठकीत पावडरीचं मी बोलतो. आधी.” ती त्याच्याकडे रोखून पाहत राहिली आणि म्हणाली, “आणि महिनाभर पिंजरेही तुम्हीच घासा.” “घासतो,” तो म्हणाला. मामांनी मागून लगेच आपण साक्षीला असल्याचं जाहीर केलं.

बैठकीला अजून थोडा अवकाश होता. ताई लाल खोलीच्या काचेतून आत पाहत उभ्या राहिल्या. आत सर बाह्या सरसावून स्टुलावर बसले होते. उघडा तळहात त्यांनी पिंजऱ्यात ठेवला होता. धाकटी शेजारी उभी होती. तो ऐदी उंदीर चक्क उठला, हाताजवळ आला, बोटं हुंगली, मागे सरला, पुन्हा आला. सरांचा खांदा नकळत आखडला.

“हलू नका, सर,” धाकटीचा आवाज दारातून हळूच ऐकू आला. “तो ठरवतोय.”

सर श्वास रोखून बसले. उंदराने एक पाय तळहातावर ठेवला, मग दुसरा, आणि सगळं लठ्ठ अंग घेऊन वर चढून बसला.